शाळेत मुलांचं कौतुक कसं करावं: वही, वाक्य, परिपाठ आणि समारंभ

बक्षीस समारंभात एक नाव पुकारलं जातं, मुलगी उठते, पुढे जाते, टाळ्या होतात. पुढच्या विषयाला पुन्हा तेच नाव, त्याच्या पुढच्यालाही तेच. खाली बसलेली बाकीची मुलं टाळ्या वाजवता वाजवता काय शिकतात? कौतुकाचा कार्यक्रम आखणाऱ्याने हा प्रश्न सगळ्यात आधी स्वतःला विचारायला हवा. वर्षानुवर्षं हेच पाहिलं तर मुलं एवढंच शिकतात की यश ठरावीक पाच-सहा जणांचं असतं आणि आपल्या वाट्याला टाळ्या वाजवणं आलं आहे.

कौतुकाचा खरा उपयोग अगदी साधा आहे. आपण नेमकं काय बरोबर केलं हे मुलाला कळतं, आणि जे कळलं ते पुन्हा करता येतं. शिवाय आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे हेही त्याला कळतं. ही दोन कामं होत असतील तर हार-तुरे नसले तरी चालतं. ती होत नसतील तर मोठ्यात मोठा समारंभही पोकळ ठरतो. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

यश कशाला म्हणायचं, हे आधी ठरवा

वर्ष सुरू होण्याआधी शिक्षकांची तासाभराची एक बैठक पुरते. फळ्यावर चार रकाने आखा. पहिल्यात पातळी: गुण, स्पर्धा, एखादं कौशल्य पूर्ण येणं. दुसऱ्यात प्रगती, म्हणजे मुलाची त्याच्याच कालच्या कामाशी तुलना. तिसऱ्यात कामाची पद्धत: चूक शोधणं, नेमका प्रश्न विचारणं, अडल्यावर दुसरा मार्ग काढणं. चौथ्यात इतरांसाठी केलेलं काम. आता आपल्या शाळेत गेल्या वर्षी ज्या ज्या गोष्टींचं कौतुक झालं, त्या आठवून ज्या त्या रकान्यात लिहा. बहुतेक शाळांत पहिला रकाना भरून वाहतो, चौथ्यात दोन-चार ओळी येतात आणि मधले दोन कोरे राहतात. नेमके तेच दोन रकाने वर्गातल्या प्रत्येक मुलाला खुले असतात.

प्रत्येक रकान्यात पाच-सहा नोंदी अशा लिहा, ज्या डोळ्यांनी दिसतात किंवा कानांनी ऐकू येतात. ‘चांगली वागणूक’ दिसत नाही. ‘गटात कोणी बोलत नव्हतं तेव्हा, तुला काय वाटतं, असं शेजारच्याला विचारलं’ हे दिसतं. ‘वाचनात सुधारणा’ दिसत नाही. ‘न अडखळता एक परिच्छेद वाचला, मागच्या महिन्यात चार ठिकाणी थांबावं लागलं होतं’ हे दिसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या निकषावर निवड करायची वेळ आली की शिक्षकाच्या मनातली आवड-नावड हळूच आत शिरते आणि नेहमीची शांत, टापटीप मुलं पुढे येतात.

कौतुकवही

सगळ्या पद्धतीचा कणा म्हणजे एक साधी वही. प्रत्येक वर्गासाठी एक. दर मुलाला एक पान, वरती नाव. त्यावर चार रकाने: तारीख, काय घडलं, पुरावा कुठे आहे, मुलापर्यंत कसं पोचवलं. ‘काय घडलं’ हे एका वाक्यात, आणि वाक्यात क्रियापद हवंच. ‘गणितात हुशार’ ही नोंद होत नाही. ‘तीन पद्धतींनी सोडवून कोणती छोटी ते सांगितलं’ ही होते. पुरावा म्हणजे वहीचं पान क्रमांक, चित्र, प्रयोगाची नोंद, किंवा नुसतं ‘मधल्या सुट्टीत पाहिलं’.

रोज शाळा सुटताना दोन मिनिटं काढा आणि एक किंवा दोन नोंदी करा. दोनपेक्षा जास्त करायला गेलात तर आठवड्याभरात सगळंच सुटेल. हिशोब करून पाहा: वर्गात ४० मुलं, दिवसाला १ नोंद, तर ४० दिवसांत प्रत्येकाची एक पाळी येते. शाळेचे दिवस २०० धरले तर वर्षाला प्रत्येकी ५ नोंदी होतात. शिक्षकाला हा भार जड नाही, आणि मुलाच्या दृष्टीने पाच नेमकी वाक्यं फार मोठी असतात.

पण नोंदी अशा सारख्या वाटल्या जात नाहीत, आणि वहीची खरी किंमत तिथेच कळते. आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं काढून पानं उलटा आणि कोरी पानं मोजा. कोरी राहतात ती पानं बहुतेक वेळा मधल्या मुलांची असतात. फार हुशार नाहीत, फार त्रासदायकही नाहीत, हात वर करत नाहीत. पान कोरं आहे म्हणजे त्या मुलाने काही केलं नाही असा अर्थ काढू नका. आपली नजर तिकडे गेली नाही, एवढंच ते पान सांगतं. त्यांतली तीन नावं एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी हजेरीपत्रकात ठेवा आणि पुढचा आठवडा त्या तिघांकडे मुद्दाम पाहा. ओढूनताणून काही शोधू नका, फक्त पाहा. शोधायला बसलं की ‘आज वेळेवर आलास’ असलं काहीतरी हाती लागतं आणि मुलाला ते लगेच कळतं.

खोडकर मुलाचं पानही तपासा. त्याच्या पानावरच्या नोंदी ‘आज त्रास दिला नाही’ अशा असतील तर त्या खोडा. त्रास न देणं ही आपली सोय झाली, त्याचं यश झालं नाही.

वाक्य कसं बांधायचं

चांगल्या कौतुकाच्या वाक्यात तीन भाग असतात: तू काय केलंस, ते कसं केलंस, आणि त्याने काय झालं. विशेषणांची गरज जवळजवळ पडत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. मुलाने ५०३ वजा २८७ सोडवलं आणि उत्तर लिहिलं २२६. मग ताळा करायला २२६ मध्ये २८७ मिळवले, तर आले ५१३. जुळलं नाही. तो परत वर गेला. त्याच्या लक्षात आलं की शतकातून दशकात दहा आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकात नऊ उरले हे लिहायचं राहिलं आणि आपण दहातूनच आठ वजा केले. त्याने २२६ खोडून २१६ लिहिलं. आता शिक्षकाने वहीत ‘छान!’ लिहून लाल शाईने बरोबरची खूण केली तर मुलाला इतकंच कळतं की उत्तर बरोबर आलं. त्याऐवजी लिहा: ‘ताळा जुळला नाही तेव्हा तू सगळं गणित खोडलं नाहीस. चूक दशकाच्या घरात आहे हे शोधून तेवढंच दुरुस्त केलंस. खाडाखोड तशीच राहू दे, ती पाहूनच मला हे कळलं.’ पुढच्या गणितात हे मूल ताळा करणार, कारण ताळा करणं हीच मोलाची गोष्ट होती हे त्याला कोणीतरी सांगितलं आहे.

‘तू हुशार आहेस’ हे वाक्य ऐकायला गोड असतं, पण धोक्याचं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी दिली. ती सोडवल्यावर काहींना हुशार म्हटलं, काहींना मेहनत घेतलीस असं सांगितलं. नंतरची कोडी मुद्दाम अवघड होती. तिथे अडल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांची गोडी आणि चिकाटी कमी झाली आणि त्यापुढच्या, पहिल्याइतक्याच अवघड कोड्यांत त्यांची कामगिरी घसरली. स्वतःचे गुण वाढवून सांगणारी मुलंही त्याच गटात जास्त निघाली. कारण उघड आहे. हुशारी हीच माझी ओळख ठरली, तर चूक झाली की ओळखच जाते. मग अवघड कामाला हात न लावणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग उरतो.

म्हणून उठसूट ‘मेहनत घेतलीस’ म्हणावं असंही नाही. चुकीच्या पद्धतीने तासन्‌तास घासणाऱ्या मुलाला मेहनतीची शाबासकी दिली तर तो आणखी घासतो. त्याला पद्धत दाखवा, आणि त्याने ती वापरली की तिचं नाव घेऊन कौतुक करा.

अतिशयोक्तीही टाळा. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात मुलांनी काढलेल्या चित्राला काहींना नुसतं सुंदर म्हटलं, काहींना कमालीचं सुंदर. एका शब्दाचा फरक. स्वतःबद्दल कमी विश्वास असलेल्या मुलांनी ‘कमालीचं’ ऐकल्यावर पुढचं काम सोपं निवडलं. आपण बिचकणाऱ्या मुलालाच जास्त फुगवून सांगतो, त्याला धीर यावा म्हणून, आणि तिथेच ते उलटतं. एवढ्या उंचीवर पुन्हा पोचता येईल का, याचं त्याला ओझं होतं.

वहीतल्या शेऱ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम आणि गोडी सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही एकत्र मिळाले, तिथे तो फायदा दिसला नाही. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. गुण द्यावेच लागत असतील तर शेरा आज द्या, त्यावर मुलाला दोन ओळींची दुरुस्ती करू द्या आणि गुण उद्या सांगा.

आणि ‘पण’ नको. ‘निबंधाची सुरुवात छान झाली, पण अक्षर सुधार’ यातलं मुलाच्या लक्षात फक्त अक्षर राहतं. अक्षराचं बोलायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी बोला.

चारचौघांत की एकट्यात

सगळ्यांसमोर नाव घेतलेलं सगळ्यांना आवडत नाही. विशेषतः बारा-तेरा वर्षांनंतर शिक्षकाचं लाडकं म्हणवून घ्यायची अनेक मुलांना भीती वाटते आणि त्यापायी चांगलं काम लपवण्यापर्यंत मजल जाते. तर्क लढवत बसण्यापेक्षा विचारा. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: तुझं काही चांगलं झालं तर ते (१) परिपाठात सांगावं, (२) फक्त वर्गात सांगावं, (३) फक्त तुला आणि घरी सांगावं. मुलाने खूण करायची. चिठ्ठी कौतुकवहीत त्याच्या पानावर चिकटवा. वर्षाच्या मध्यावर पुन्हा विचारा, कारण उत्तरं बदलतात. पहिल्या सत्रात तिसरा पर्याय निवडलेलं मूल दुसऱ्या सत्रात दुसऱ्यावर खूण करतं, तेव्हा ती स्वतंत्र नोंद करण्याजोगी गोष्ट असते.

वेळ शक्यतो त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची. लहान वर्गांत तर त्याच तासाची. तीन आठवड्यांनी ‘तू तेव्हा छान केलं होतंस’ म्हटलं तर लहान मुलाला ‘तेव्हा’ आठवतच नाही.

परिपाठातली सात मिनिटं

समजा शाळेत १२ तुकड्या आहेत. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि दर वेळी ३ तुकड्या घ्या. चार आठवड्यांत सगळ्यांची फेरी होते. प्रत्येक तुकडीतून एक, फार तर दोन नावं. म्हणजे एका वेळी तीन ते सहा मुलं, प्रत्येकी जास्तीत जास्त एक मिनिट, आणि मिनिटभर इकडेतिकडे. सात मिनिटांच्या वर गेलात की मागच्या रांगा चुळबुळू लागतात आणि शेवटच्या मुलाला सगळ्यात कमी टाळ्या मिळतात.

आदल्या दिवशी तीन कामं उरकून घ्या. मुलाला सांगून त्याची परवानगी घ्या. नावाचा उच्चार त्याच्याच तोंडून ऐकून घ्या. आणि दाखवायची वस्तू, म्हणजे वही, चित्र, प्रतिकृती, जे असेल ते, हाताशी ठेवा. प्रत्यक्ष परिपाठात ज्याने काम पाहिलं तोच शिक्षक बोलेल. मुख्याध्यापकांनी सगळी यादी वाचली तर ती हजेरीसारखी वाटते. वाक्य वहीतलंच वाचायचं. मुलाला बोलायचं असेल तर एक प्रश्न विचारा: ‘यातलं अवघड काय होतं?’ ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न नको, त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर नसतं. अवघड काय होतं हे ऐकताना मात्र समोर बसलेल्या शंभर मुलांना कामाची रीत कळते. परिपाठातलं कौतुक मुळात त्यांच्यासाठीच असतं.

टाळ्या प्रत्येकासाठी वेगळ्या, आणि सगळ्यांना सारख्या. ‘यांच्यासाठी जोरात’ असं कोणी म्हणू नये.

कौतुकाचा उपयोग इतरांना टोचायला कधीही करू नका. ‘बघा, ती कशी नीट काम करते, नाहीतर तुम्ही’ या एका वाक्याने त्या मुलीचं मधल्या सुट्टीतलं आयुष्य अवघड होतं. तिने काहीही मागितलेलं नसतं, तरी भोगावं तिलाच लागतं.

फलक

कामं लावायचा फलक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, मोठ्यांच्या नव्हे. पहिलीच्या वर्गाबाहेर तो आपल्या कमरेच्या आसपास येतो. प्रत्येक कामाखाली दोन ओळींची पट्टी लावा: नाव आणि ‘यात काय पाहावं’. शक्य तिथे पहिला कच्चा खर्डा आणि शेवटचं काम शेजारी शेजारी लावा. नुसतं सुबक चित्र पाहून दुसरं मूल ‘मला नाही जमणार’ म्हणतं. आधीचा वेडावाकडा प्रयत्न शेजारी दिसला की ‘असं करत करत होतं तर’ हे त्याला उमगतं.

दर तीन आठवड्यांनी फलक बदला आणि कोपऱ्यात लावल्याची तारीख लिहा. उन्हाने फिकटलेला, एक कोपरा सुटून लोंबणारा कागद मुलाला सांगतो की आता इकडे कोणी बघत नाही. उतरवलेलं काम मुलाच्या हातात परत द्या, रद्दीत टाकू नका.

गुणांची क्रमवारी आणि नावापुढे चांदण्या चिकटवत जाणारा तक्ता भिंतीवर नको. दोन चांदण्यांवर अडकलेलं मूल रोज त्या तक्त्यासमोरून जातं. फोटो लावायचा किंवा समाजमाध्यमावर टाकायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. संमती नसेल तर काम लावा, चेहरा नको.

बक्षिसं आणि प्रशस्तिपत्रं

जे काम मूल आपणहून आवडीने करतं त्यावर आधीच बक्षीस जाहीर करू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता, नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं तर पहिल्या गटाने चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. अनपेक्षित बक्षिसाने तसं काही झालं नाही. यातून कामाचा नियम मिळतो: आवडीच्या कामावर आधी आमिष नको, नंतर मनापासून दिलेली दाद चालते. ज्या कामात मुळात रसच नाही, जसं की पाढ्यांचा सराव, तिथे छोटं बक्षीस सुरुवातीला उपयोगी पडू शकतं. पण ते काढून कधी घ्यायचं हे देतानाच ठरवा.

पूर्ण हजेरीचं बक्षीस तर बंदच करावं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, सहावी ते बारावीच्या १५,००० हून अधिक विद्यार्थ्यांमध्ये, असं बक्षीस मिळेल हे आधी सांगून हजेरी वाढली नाही. आणि ज्यांना आधी न सांगता मागच्या हजेरीबद्दल दिलं, त्यांची पुढची हजेरी उलट कमी झाली. आपण इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्त येतो, असा निरोप त्यातून मुलांना मिळाला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. त्यात आजारी पडलेलं मूल काही चूक नसताना बाद होतं. तापात फणफणत शाळेत येणारं मूल तर कोणालाच नको. हजेरीबद्दल काही करायचंच असेल तर बऱ्याच दिवसांनी परत आलेल्या मुलाचं स्वागत करा आणि राहिलेला अभ्यास त्याने कसा भरून काढला याची नोंद घ्या.

प्रशस्तिपत्रावर ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ एवढंच छापलेलं असेल तर वर्षभराने ते कशाबद्दल मिळालं हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मध्ये तीन कोऱ्या ओळी ठेवा आणि कौतुकवहीतलं वाक्य हाताने लिहा. सही शिक्का मारून नको, पेनाने. वस्तूच द्यायची तर काम पुढे नेणारी द्या: चित्र काढणाऱ्याला कागद, वाचणाऱ्याला स्वतः निवडलेलं पुस्तक. वस्तूपेक्षाही चांगली असते ती संधी. धाकट्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवणं, प्रयोगाची मांडणी करणं, पुढच्या गटाला शिकवणं.

सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून सरसकट प्रत्येकाला एकसारखं प्रमाणपत्र देण्याची कल्पना हेतूने चांगली आहे, पण फसते. मुलं ते शेजाऱ्याच्या कागदाशी जुळवून पाहतात आणि दुमडून दप्तरात टाकतात. ‘आठवड्याचा विद्यार्थी’ ही पाटी हजेरीपटाच्या क्रमाने फिरू लागली की तिचीही तीच गत होते. कौतुक प्रत्येकापर्यंत पोचलंच पाहिजे, मात्र प्रत्येकाच्या कागदावर त्याचंच वाक्य हवं.

घरी निरोप

शाळेतून फोन आला की पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण बहुतेक वेळा तक्रारच असते. म्हणून पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा, शाळा सुरू झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत. पहिलं वाक्य असं: ‘काळजीचं काही नाही, चांगलं सांगायला फोन केला.’ मग वहीतलं वाक्य. मग ‘घरी त्याला विचारा, त्याने ते कसं केलं.’ दोन मिनिटांत फोन ठेवा. त्याच फोनमध्ये राहिलेली फी, अपुरा गृहपाठ, उशिरा येणं यातलं काहीही काढू नका. एकदा काढलंत की पुढचा चांगला फोनसुद्धा पालक धास्तीनेच उचलतील.

पालकांना वाचता येत नसेल किंवा घरची भाषा वेगळी असेल तर त्यांना कळेल अशा भाषेतला छोटा ध्वनिसंदेश पाठवा. भावंडं त्याच शाळेत असतील तर एकाच्या कौतुकात दुसऱ्याचं नाव येऊ देऊ नका. घरी काही वेगळाच ताण आहे असं कळलं असेल, तर घरी सांगण्याआधी मुलाला विचारा.

मुलांनी मुलांचं

हे आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं पुरतं. नावं चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येकाने एक उचलायची. ज्याचं नाव आलं त्याने आठवड्यात केलेली, आपल्याला उपयोगी पडलेली एक गोष्ट लिहायची. चिठ्ठ्या उचलायलाच हव्यात, मोकळं सोडलं तर सगळी पत्रं वर्गातल्या लोकप्रिय चौघांना जातात. वाचण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या शिक्षकाने पाहायच्या. ‘तू जाड असूनही छान पळतोस’ असली वाक्यं निघतात, ती त्या मुलाशी बोलून नव्याने लिहून घ्यायची. पहिले दोन आठवडे मुलं ‘तू चांगला मित्र आहेस’ असंच लिहितात. वैतागू नका, फळ्यावर दोन नमुने लिहून ठेवा.

गटाच्या यशात प्रत्येकाचं काम वेगळं सांगा: नोंदी कोणी ठेवल्या, मोजमाप कोणी केलं, भांडण कोणी मिटवलं. ‘गटाचं अभिनंदन’ म्हटलं की सादरीकरण करणाऱ्याचाच चेहरा लक्षात राहतो.

वार्षिक समारंभ

पद्धतशीर वही असेल तर समारंभाचं ओझं आपोआप हलकं होतं. दीड तासाच्या आत संपवा. भाषण एकच, पाच मिनिटांचं. पहिल्या क्रमांकांची बक्षिसं द्यायला हरकत नाही, कष्टाने मिळवलेला पहिला क्रमांक लपवून ठेवणंही अन्यायच. पण एकाच मुलाची सगळी बक्षिसं एकदमच द्या, एकाच फेरीत. त्यामुळे वाचलेल्या वेळात प्रगतीची आणि पद्धतीची बक्षिसं बसवा.

पाच दिवस आधी नावांची यादी वर्गात फिरवा आणि प्रत्येक मुलाने आपल्या नावापुढे सही करायची: शुद्धलेखन बरोबर आहे, कशाबद्दल आहे ते कळलं. चुकीच्या नावाचं प्रशस्तिपत्र नंतर दुरुस्त करता येतं, पण मंचावर सगळ्यांसमोर चुकीचं नाव ऐकलेलं मूल ते विसरत नाही. प्रशस्तिपत्रं पुकारण्याच्या क्रमाने लावा आणि मध्ये दर दहा नावांनंतर रंगीत कागद घाला. एक मूल गैरहजर राहिलं तरी मग पुढची सगळी एका घराने सरकत नाहीत. गैरहजर मुलाचं नाव आणि वाक्य वाचायचंच.

चाकाच्या खुर्चीवरचं किंवा कुबड्या घेऊन चालणारं मूल असेल आणि मंचाला उतार नसेल, तर सगळीच बक्षिसं मंचाखाली द्या. बाकीचे वर आणि एक खाली असं करू नका. कल्ल्याने घाबरणाऱ्या मुलासाठी टाळ्यांऐवजी हात हलवणं ठरवता येतं, किंवा त्याचं प्रशस्तिपत्र वर्गात देता येतं. त्यालाच विचारा.

चाललं आहे की नाही, कसं ओळखायचं

प्रत्येक सत्राच्या शेवटी वही घेऊन बसा आणि मोजा. मुलींच्या आणि मुलांच्या नोंदी किती? मुलींच्या नोंदी नीटनेटकेपणाबद्दल आणि मुलांच्या कल्पकतेबद्दल असं काही झालंय का? पुढच्या बाकांवरच्या आणि मागच्या बाकांवरच्या किती? वर्षाच्या सुरुवातीला फळ्यावर आखलेल्या यशाच्या चारही रकान्यांतल्या नोंदी आल्या का? आकडे वाकडे आले तर पुढच्या सत्रात नजर कुठे ठेवायची ते तिथेच कळतं. दुसऱ्या शिक्षकाकडून एकदा वही वाचून घ्या. आपल्याला न दिसलेलं त्यांना पाच मिनिटांत दिसतं.

मग कुठल्याही पाच मुलांना एकेकटं विचारा: ‘गेल्या महिन्यात तुझं काय चांगलं झालं?’ ‘मला चांदणी मिळाली’ असं उत्तर आलं, तर वाक्यांकडे परत जा, ती पोचत नाहीयेत. मूल खांदे उडवून गप्प राहिलं, तर त्याचं पान उघडून शेवटची तारीख बघा. आणि एखाद्याने ‘माझा ताळा जुळत नव्हता, मग मी दशकातली चूक शोधली’ असं सांगितलं, तर ते त्याच्याच शब्दांत त्या पानावर उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी ती वही नव्या वर्गशिक्षकाच्या हातात द्यायची आहे.